हौसाच्या लग्नाचा बार

एका गावात एक भोळा केरबा होता. वयानं वाढला होता, अंगानं तर चांगलाच वाढला होता. सांगितलेलं काम तो जीव लावून करायचा. घरच्यांची तक्रार एवढीच होती, की तो सांगितलेलंच करायचा.

त्याला एक धाकटी बहीण होती, हौसा. तिला येणारी स्थळं केरबाला भेटेपर्यंत टिकत. यंदा समुद्राकाठच्या गावातलं एक स्थळ आलं. मुलाचं नाव मनोहर, शाळेत मास्तर. हौसानं त्याचा फोटो बघायला घेतला तो परत दिलाच नाही.

उन्हाळ्याची सुट्टी होतीच. केरबाच्या वडिलांनी, आबांनी, तिथंच समुद्राकाठी एक खोली भाड्यानं घेतली आणि सगळे एसटीत बसले. वाटेत हौसा हळूच म्हणाली, "दादा, एवढं एक नीट पार पडू दे रं."

"पडू दे कशाला? मी पाडतोच," केरबा म्हणाला.

खोलीवर पोचल्यावर आई म्हणाली, "चला, आता चार दिवस नुसती समुद्राची हवा खायची."

दुसऱ्या दिवशी केरबानं न्याहारीची भाकरी परत केली. किनाऱ्यावर गेला, वाऱ्याकडं तोंड केलं आणि आ वासून उभा राहिला. वारा जोरात होता. दुपारपर्यंत त्याचं पोट भरलं. त्यात निम्मी वाळू होती.

"आरं, काय करतोयस?" आईनं विचारलं.

"हवा खातोय. जरा कचकच लागतीया."

आईनं कपाळावर हात मारला. "समुद्रावर तोंड मिटून गप उभं ऱ्हावं, बाबा!"

"बरं," केरबा म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

संध्याकाळी आबा समुद्रात उतरले. धोतर वाळूवर काढून ठेवलं आणि राखायला केरबाला उभं केलं. एक लाट आली आणि धोतर घेऊन गेली. केरबानं ते नीट पाहिलं. धोतर ऐसपैस पसरून, कसलीही घाई न करता, आत आत गेलं. केरबा तोंड मिटून गप उभा होता.

"केरबा, माझं धोतर कुठंय रं?" आबांनी पाण्यातून विचारलं.

केरबानं सूर्य मावळत होता तिकडं बोट दाखवलं.

नेमके तेव्हाच मुलाचे वडील, तात्या साळवी, भेटायला आले. आबांनी गळ्याएवढ्या पाण्यातूनच हात जोडले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. आबा काही बाहेर येईनात.

"पोहण्याची भारीच आवड दिसते तुम्हाला," तात्या म्हणाले.

आबांना पोहता येत नव्हतं.

रात्री अंगाला चादर गुंडाळून आबा केरबावर ओरडले, "काही पाण्यात जाताना दिसलं की बोंब मारायची, धरायचं आणि वढून भाईर काढायचं! कळलं का?"

"कळलं. आता ध्यानात ठेवतो."

सकाळी तात्या रोजच्यासारखे समुद्रस्नानाला निघाले. गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचले असतील नसतील, तोच केरबानं बोंब ठोकली, त्यांचा पाय धरला आणि सुरूच्या झाडांपर्यंत ओढत आणलं. वाळूत नाकानं काढलेली लांबलचक रेघ दिसत होती.

"मेल्या, मला कशाला ओढतोस?"

"तुम्ही पाण्यात चालला होता."

"अरे, मी रोज जातो!"

"असं का? मग रोज काढीन," केरबा अदबीनं म्हणाला.

आईला रडू यायचंच बाकी होतं. "आरं, व्याही व्हायचेत ते आपलं! आज आपल्याकडं जेवायला यायचेत. त्यांच्या अंगाला हात लावू नगंस. लांब उभा ऱ्हा, हात जोड, आन् 'सावकाश होऊ द्या' म्हण. बास."

"बास. ध्यानात ठेवतो."

दुपारी सुरूच्या सावलीत पानं मांडली. तात्या, त्यांच्या पत्नी काकू आणि मनोहर आले. तात्या पानावर बसणार, इतक्यात वाळूतून एक खेकडा निघाला आणि त्यानं त्यांच्या पायाचा अंगठा नांगीत धरला. तात्या एका पायावर नाचू लागले. "सोडवा! अरे, कोणीतरी सोडवा!"

केरबा लांब उभा राहिला. हात जोडले. म्हणाला, "सावकाश होऊ द्या."

हे त्यानं नेमकं कुणाला म्हटलं ते कळलं नाही. खेकड्यानं मात्र ते मानलं.

शेवटी मनोहरनं खेकडा सोडवला. हौसानं अंगठ्याला हळद लावली, पट्टी बांधली आणि असं काही वाढलं, की तात्या दुखणं विसरून दोनदा भात घेऊन बसले. पाहुणे गेल्यावर आबांनी केरबाला कोपऱ्यात घेतलं. "बघत काय उभा ऱ्हातोस रं? शब्द कानावर पडला की लगेच हात चालला पायजे. इचार करत बसायचं न्हाई!"

"आता न्हाई बसणार," केरबा म्हणाला. ते आबांनी मनावर घ्यायला हवं होतं.

संध्याकाळी सगळे तात्यांच्या घरी गेले. त्या दिवशी गावची जत्रा होती. जत्रेला किनाऱ्यावर दारूकाम व्हायचं आणि तो मान तात्यांचा. अंगणात, वाळलेल्या झावळ्यांच्या मांडवाखाली, एक मोठी टोपली भरून ठेवली होती. बाण, झाडं, माळा आणि सुतळी बॉम्ब.

तात्यांच्या घरात बोलायचे तात्या आणि ठरवायच्या काकू. काकूंनी अजून चकार शब्द काढला नव्हता. मनोहर हौसाकडं बघत होता आणि हौसा मनोहरच्या चपलांकडं. आईनं मनातल्या मनात नवस बोलून ठेवला.

तात्या आबांच्या कानाशी वाकले. "मला मुलगी आवडलीय. ही एकदा 'हो' म्हणाली, की लगेच बार उडवून टाकू. इथंच, आमच्या अंगणात."

लग्नाचा बार, असं त्यांना म्हणायचं होतं. केरबा शेजारीच बसला होता आणि त्याला समोर टोपली दिसत होती. तो उठला, चुलीजवळची काडेपेटी घेतली आणि टोपलीपाशी जाऊन बसला. नजर काकूंच्या ओठांवर. बहिणीचं काम होतं, चुकून चालणार नव्हतं.

एव्हाना मनोहर चहा ठेवायला आत गेला होता. त्यानं आतून विचारलं, "आई, चहा घेणार?"

"हो," काकू म्हणाल्या.

सुतळी बॉम्ब एकेक करून उडवायचे असतात, पण ते टोपलीतल्यांना कुणी सांगितलं नव्हतं. माळा अंगणभर पळाल्या. एक बाण पुढच्या दारानं घरात शिरला, सगळं घर बघितलं आणि मागच्या दारानं गेला. एक विहिरीत उतरला. झावळ्यांनी भडका घेतला. माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. काकू थेट फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. आबांना वाटलं, समुद्रातच बरं होतं.

हौसा मात्र पळाली नाही. पदर खोचून ती रहाटाला भिडली. ती पाणी ओढायची, मनोहर ओतायचा. बघता बघता आग विझली. कुणाला काही लागलं नाही. तात्यांची मिशी एका बाजूनं गेली होती आणि अंगणात ओल्या काजळीचा चिखल झाला होता.

काकू फाटकातून सगळं बघत होत्या. धुरानं लाल झालेले त्यांचे डोळे हौसावर खिळले होते. अशी सून चपला झिजवूनही मिळणार नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. हौसालाही ते दिसलं. मनोहरच्या हातातली बादली तशीच राहिली.

इकडं तात्या केरबापुढं येऊन ठाकले होते. "तू... तू आधी तोंड काळं कर!"

"कुणाचं?" केरबानं विचारलं.

तात्यांनी रागारागानं नुसतं फाटकाकडं बोट दाखवलं.

शब्द कानावर पडला होता. केरबानं दोन्ही हातांनी ओली काजळी उचलली आणि धावला.

तिकडं काकूंनी हौसाला जवळ बोलावलं, हसल्या आणि म्हणाल्या, "आम्हाला मुलगी पसं—"

'त' तेवढा काजळीत राहिला.