गाळाची भिक्षा

सोमगीर महाराज वाघाड्यास आले ते माघात, आणि उतरले ते देवळात नव्हे, कोरड्या पाटात. वाघाडे हे खानदेशातले नदीकाठचे गाव. बंधाऱ्याला पाणी होते. पण पाट आजे-पणज्यांच्या वेळचा, त्यात गाळ इतका साचलेला, की पाणी तोंडाशी येई आणि परत नदीकडे वळे. लोक म्हणाले, महाराजांनी जागा निवांत निवडली. तिथे पाणीसुद्धा त्रास द्यायला येत नाही.

गावाची रीत अशी, की ज्याने त्याने पाटाचा आपला तुकडा उपसायचा. दुसऱ्याच्या तुकड्याला कुदळ लावली, तर त्याच्या पाण्यावर हक्क सांगितला असे होई, आणि त्यावरून पूर्वी डोकी फुटली होती. यंदा सर्वांनी आपले तुकडे उपसले. राहिला एकच, तोंडाशी असलेला, हिलाल पाटलांचा. पाटलांना स्वतःची विहीर होती.

पाणी वाटायचे काम ठगूबाईकडे होते. आधी ते तिच्या नवऱ्याचे. गेल्या साली पाट उपसताना दरड अंगावर येऊन तो गेला, आणि पाणी वाटणाऱ्याची काठी हिच्या हाती आली. वाटायला पाणी तेवढे आले नाही. पाटाच्या शेवटी तिच्या वस्तीची सात घरे. तिघांनी कड्या लावून बिऱ्हाडे हलवली होती. गहू ओंबीवर होता. आठ दिवसांत पाणी पोचले नाही, तर उरलेली चारही उठणार होती.

ती पाटलांच्या ओट्यापाशी गेली. "पाटीलबाबा, तुमचा तेवढा तुकडा उपसून द्या."

"माझ्या विहिरीला पाणी आहे, ठगे. मी कशाला चिखलात उतरू? तुझा गोसावी बसलाय ना पाटात? त्याला म्हणावं, फुंकर मार." ओट्यावरची मंडळी हसली. "आणि माझ्या तुकड्याला हात लावशील, तर काठी काढून घेईन."

ठगूबाईने हे महाराजांना सांगितले. ती रडली नाही; रडण्याचे काम गेल्या साली उरकले होते. महाराज उठले, झोळी घेतली आणि भर दुपारी पाटलांच्या दारी उभे राहिले.

"ज्वारी आणा गं," पाटलांनी आत हाक दिली. "महाराज, सात पिढ्यांत आमच्या दारातून झोळी अर्धी भरून गेलेली नाही."

"ते ऐकूनच आलो," महाराज म्हणाले. "ज्वारी नको. तुमच्या पाटातला गाळ घाला. मात्र भिक्षा दात्याने स्वहस्ते घालायची असते."

पाटील हसतच पाटात उतरले. दहा टोपल्या झाल्या, झोळी ढिलीच. पन्नास झाल्या. पाटलांनी झोळी उलटी करून पाहिली. एक ठिगळ होते, तेही नीट शिवलेले.

"राहू द्या पाटील," महाराज म्हणाले. "अर्धी भरली, असे सांगेन लोकांना."

पाटलांनी सदरा काढला. दुसऱ्या दिवशी तळहात फुटले. त्याच दिवशी घरून निरोप आला, विहिरीत बादली खडकाला लागते आहे.

"पाट वाहायचा तेव्हा झिरपून तुमची विहीर भरायची," महाराज शांतपणे म्हणाले. "दोन वर्षे साठवणीवर चालली, इतकेच."

त्यानंतर पाटील हसले नाहीत. तिसऱ्या दिवशी टिकाव तळाच्या फरशीवर वाजला आणि मागून पाणी आले. ठगूबाई काठी घेऊन पाण्यापुढे चालू लागली. एवढा गाळ गेला कुठे, ते पाहायला पाटीलही निघाले.

तो वस्तीच्या शेतांत होता. गव्हाच्या ओळींमधून वीतभर काळा, ओला गाळ पसरला होता, एकही रोप न मोडता. कड्या लावलेल्या तीन घरांच्या शेतांतही पसरला होता. तिथले रान मात्र वाळून गेले होते. ठगूबाईने पहिले पाणी तिकडेच वळवले.

पाटील महाराजांच्या पायांकडे वाकले. महाराज बाजूला झाले. "माझी झोळी अजून भरलेली नाही. वाकायचेच तर या बाईपुढे वाका."

हिलाल पाटलांनी फुटलेले हात जमिनीला टेकले आणि ठगूबाईपुढे कपाळ मातीला लावले.

"उठा पाटीलबाबा," ती म्हणाली. "पाण्याच्या वाटेत आहात."