म्हाळसाईची थाप

तुमच्या आज्याच्या आज्याला ही गोष्ट कुणीतरी सांगितली, तेव्हाही ती जुनीच होती. म्हणून मला साल विचारू नका. त्या काळी गोदावरीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या वळणावर रंगाऱ्यांची चाळीस घरं होती. वळणावरचं गाव म्हणून त्याला वाकण म्हणत. वाकणची माणसं आल नावाच्या झाडाच्या मुळ्या उकळून तांबडा रंग काढायची, लुगडी आणि जाजमं त्यात बुडवायची आणि वर लाकडी ठशांनी काळी वेलबुट्टी छापायची. वाकणचं लुगडं फाटायचं, पण त्याचा रंग जायचा नाही, असं म्हणतात. फाटून त्याचं पोतेरं झालं, तरी ते पोतेरं तांबडंच असायचं.

मग एका वर्षी मोठा पूर आला आणि त्यानंतर रंग धरेना. गावच्या रंगाच्या हंड्यातून कापड निघायचं ते गढूळ, विटकं, आणि पहिल्याच धुण्यात सगळं नदीला वाहून जायचं. पुरानं काठावरची झाडं नेली, त्यातल्या कुठल्याशा झाडाची राख रंगात पडायची ती बंद झाली, असं शहाणी माणसं सांगतात. वाकणची माणसं मात्र म्हणायची, हंडा रुसला. मला तेच पटतं. राखेची समजूत कोण काढणार? रुसलेल्याची निदान काढता तरी येते.

आणि रुसलेल्या हंड्यावर वाकणात एक जुना उपाय होता. गावात एक थाप सोडायची. चांगली मोठी, धडधडीत खोटी. ती तोंडातोंडी परगावी जायची, आणि परक्या माणसाच्या तोंडून फिरून वाकणात आली, की हंडा ती ऐकून हसायचा आणि ताळ्यावर यायचा.

त्या पावसाळ्यात अख्खं गाव थापा मारत सुटलं. एकानं सांगितलं, पाटलाच्या म्हशीनं अंडं घातलं. दुसऱ्यानं सांगितलं, ते अंडं मीच खाल्लं. पण एकही थाप शिवेपलीकडे गेली नाही. ज्याच्या त्याच्या घरी खोटंच शिजत असताना ऐकायला कोण बसणार? इकडे लखमशेठ नावाच्या व्यापाऱ्यानं रंग गेलेली लुगडी परत आणून टाकली आणि बजावलं, दसऱ्यापर्यंत वाट बघीन, पुढं तुमचा रस्ता तुम्हाला मोकळा. लोक छकड्यांच्या चाकांना वंगण घालायला लागले. चाळीस घरं उठणार, हे दिसतच होतं.

या गावात म्हाळसा नावाची एक रंगारीण होती. तिच्या नवऱ्याचं नाव केसू. त्याच्या हातांचे सांधे धरले होते, म्हणून घरातले ठसे तीच मारायची. म्हाळसाची एकच खोड होती, तिला खोटं बोलता यायचं नाही. भाजी खारट झाली तर जेवणाऱ्याच्या आधी हीच सांगायची. कुणी नवी सून दाखवायला आणली, तर घरातले हिला मागच्या दारानं पिटाळायचे.

गावातला सगळ्यात म्हातारा रंगारी नारोबा. तो एक दिवस काठी टेकत तिच्या ओट्यावर आला.

"म्हाळसे, थाप तू सोड," तो म्हणाला. "आमच्या खोट्यात आता दम ऱ्हायला न्हाई. जी कधी खोटं बोलली न्हाई, तिचं खोटं वाऱ्यावानी पळंल."

"न्हाई जमायचं बाबा. माझी जीभच वळायची न्हाई."

"मग छकडा तरी भर. केसूला माळावरनं चालवत न्हेशील?"

केसूनं आपली वाकडी बोटं धोतराच्या घोळात लपवली. ते म्हाळसानं पाहिलं, आणि तिला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर, बायका जमल्या असताना, ती खाली मान घालून म्हणाली, "मी आता पाण्यानं ठसा मारते. निसत्या पाण्यानं. अन् तांबडी फुलं उमटत्यात."

बाकी कुणी हे म्हटलं असतं तर बायकांनी घागरी आपटून हसून घेतलं असतं. पण म्हाळसा म्हणते म्हणजे खरंच असणार. चौथ्या दिवशी एक कासार बांगड्या घेऊन आला आणि विचारू लागला, "ती पाण्यानं छापणारी बाई हितलीच का?"

सगळं गाव हंड्याकडे धावलं. नारोबानं स्वतः कापड बुडवलं, काढलं, धुतलं. रंग गेला. हंडा हसला नव्हता. वर आणखी लखमशेठचा निरोप आला. पाण्याचा ठसा बघायला तो दसऱ्याला जातीनं येणार होता. खरं निघालं तर वाकणचा सगळा माल उचलणार, खोटं निघालं तर वाकणचं नाव पुन्हा तोंडी घेणार नव्हता.

म्हाळसाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यात एक थाप मारली आणि ती असली उलटली. तिसऱ्या दिवशी तिनं पदर खोचला. बोललेलं मागं घेता येत नव्हतं, तेव्हा ते खरं करणं तेवढं उरलं होतं.

मग तिनं काय काय केलं ते ऐका. साध्या पाण्यानं ठसे मारले, ते वाळून गेले. मिठाचं पाणी घेतलं, चुन्याची निवळी घेतली, ताक घेतलं. गुळाच्या पाण्यानं छापलं, तर रांगा धरून मुंग्या आल्या आणि कापडभर मुंग्यांची फुलं उमटली. तेवढा एकच दिवस केसू पोट धरून हसला. भाताच्या पेजेनं छापलेलं कापड शेळीनं खाल्लं. सागवानी ठसा सारखा भिजून फुगला आणि त्याच्या रेघा मिटल्या, म्हणून तिनं मातीचा ठसा केला, तो विरघळला. दुधी भोपळ्यावर फूल कोरलं, ते तीन दिवसांत सडलं. शेवटी शिसवाचा ठसा टिकला. पाणी ठशाला फार लागून ओघळायचं, म्हणून तिनं ताटात घोंगडीचा तुकडा अंथरला आणि ठसा त्याच्यावर टेकवून उचलायला लागली. पाणी कापडावर पसरायचं, म्हणून त्यात चिंचोक्याची खळ घातली. आता ठसा नीट बसत होता, फक्त वाळल्यावर दिसत काही नव्हतं.

दसरा आठ दिवसांवर आला. नदीला गढूळ पाणी होतं, म्हणून केसूनं पिण्याच्या माठात तुरटी फिरवली. बोटांत धड धरता येईना, खडा हातातून सुटला आणि माठातच राहिला. दुसऱ्या दिवशी पाण्याचा घोट घेतला तर जीभ टाळ्याला चिकटली.

"ओतून टाक," केसू ओशाळून म्हणाला.

"ऱ्हाऊ द्या. ठशाला चालंल."

तिनं त्याच पाण्यात खळ कालवली आणि ठसे मारले. नेहमीप्रमाणे काही दिसलं नाही. वैतागून तिनं ते कापड रुसलेल्या हंड्यात लोटलं आणि नदीवर जाऊन आपटून धुतलं. गढूळ रंग वाहून गेला. ती आणखी धूत राहिली. आणि जिथं जिथं ठसा पडला होता, तिथं तांबडं फूल होतं. धुवावं तसं ते उजळत होतं. म्हाळसा तिथंच पाण्यात बसली आणि रडली, असं म्हणतात.

दसऱ्याच्या सकाळी लखमशेठ आला. पाठोपाठ बारा गावची माणसं आली. म्हाळसानं वीस हात पांढरं कापड अंथरलं आणि थाप मारायला सुरुवात केली. थाप म्हणजे खोटी गोष्ट, हे तुम्हाला माहीत आहेच. पण ठसा कापडावर ठेवून वरून तळव्यानं जो ठोका द्यायचा, तीही थापच. नुसता थाप, थाप असा आवाज चालला होता आणि कापड कोरं ते कोरंच.

लखमशेठनं ताटात हात बुडवला, वास घेतला आणि हात आपल्या उपरण्याला पुसला. "पाणीच आहे हे, बाई," तो म्हणाला.

"पाणीच हाय, शेठ. ते उपरणं बी द्या."

कापड आणि उपरणं वाळवून हंड्यात गेलं आणि उकळून बाहेर आलं, तेव्हा दोन्ही चिखलासारखी दिसत होती. नारोबानं डोळे मिटून घेतले. म्हाळसानं कापडाचं टोक लखमशेठच्याच हातात दिलं. "तुमीच धुवा."

शेठ गुडघाभर पाण्यात उतरला. नदी घटकाभर तांबडी वाहिली आणि मग निवळली. वीस हात कापडावर फुलंच फुलं निघाली. तीन दिवस भुंगे त्या घाटावरून हलले नाहीत, असं म्हणतात. मग शेठनं आपलं उपरणं पिळून झटकलं. त्याच्यावर त्याचीच पाच बोटं होती, लालभडक. तो ती पुन्हा पुन्हा घासत राहिला आणि ती पुन्हा पुन्हा उजळत राहिली.

गावाचा जीव भांड्यात पडला. छकड्यांची चाकं काढून भिंतीला लावली गेली. केसू सगळ्यांना सांगत सुटला की खडा मीच टाकला होता, आणि म्हाळसा म्हणाली, "टाकला न्हवता, पडला होता."

म्हाळसा गेली त्यालाही शेकडो वर्षं झाली. वाकणात अजून ठसे चालतात. दर दसऱ्याला जो कोणी पहिल्यांदा ठसा हातात धरतो, त्यानं साऱ्या गावासमोर एक थाप मारायची असते, आणि ती खरी करायला त्याला उभा जन्म मोकळा असतो. तोवर तिला कुणी खोटं म्हणायचं नाही, म्हाळसाईची आण आहे. मागं एका सुनेनं सांगितलं, मी असा मोगरा छापीन की लुगड्याला वास येईल. ती म्हातारी होऊन वारली, आता तिची नात तेच करत बसली आहे. यंदा एक परगावची सून उभी राहिली आणि घाबरत म्हणाली, "मी असा ठसा मारीन, की आंधळ्याला बोटांनी रंग कळंल."

कुणी हसलं नाही. रंगाऱ्यांमधल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं तिच्या तळहातावर तुरटीचा खडा ठेवला, आणि वाकणच्या चाळीस घरांनी मिळून तिला दरसालचं वाक्य ऐकवलं, "थाप मारलीस ना? आता उमटव."