यंत्र कुणी बंद करायचं?

ही गोष्ट मी सांगायची नव्हती. लवादासमोर जे घडतं ते त्या खोलीबाहेर जाऊ नये असा नियम आहे, आणि त्या खोलीत असलेल्या आत्याने घरी सांगताना मला पुन्हा पुन्हा बजावलं होतं. म्हणून नावं आणि गाव गाळते. बाकी जसं ऐकलं तसं.

एकदा एका वृद्ध लवादांपुढे दोन उत्पादकांचा तंटा आला. हे लवाद निवृत्त न्यायाधीश होते आणि कोर्टाबाहेर माणसांची भांडणं मिटवत. सगळे त्यांना सर म्हणत. त्यांच्या हाताखाली एक शिष्या होती. आधी अभियांत्रिकी शिकून मग ती कायद्याकडे वळली होती, त्यामुळे यंत्राचा काही विषय असला की सर तिला शेजारी बसवून घेत.

हा तंटा टीव्हीला जोडायच्या एका यंत्राचा होता. कार्यक्रम चालू असताना दाराची बेल वाजली, तर चित्र तिथेच थांबवावं, उठून यावं आणि सोडलं तिथून पुढे पाहावं. तोवर यंत्र पुढचा भाग आपल्या पोटात साठवत राहील. युक्ती साधी, पण ती पहिल्यांदा सुचली कुणाला? एकेकाळचे हे दोघे मित्र एकाच खोलीत काम करत होते. मग बिनसलं. दोघांनी वेगवेगळी पेटंटं घेतली, आणि दोघेही शपथेवर सांगू लागले की मूळ कल्पना माझी, यानं चोरली. न्यायालयाने दोघांच्याही विक्रीवर मनाई घातली. दोन्ही कारखान्यांचे दरवाजे कायमचे बंद व्हायची वेळ आली होती.

पुरावा एकच होता. दोघांनी मिळून बनवलेलं पहिलं यंत्र. चाचणीसाठी त्याला कॅमेरा जोडला होता, म्हणून त्या खोलीतला पहिल्या चाचणीचा दिवस, दोघांच्या आवाजासकट, त्याच्या हार्ड डिस्कवर होता. पण त्या यंत्राची एक खोड होती. वीज मिळाली की ते आपोआप नवं चित्रण सुरू करी, आणि डिस्क भरलेली असल्यामुळे सगळ्यांत जुनं आधी पुसून टाकी. म्हणजे पुरावा पाहायला जावं, तर पुरावाच जाई. नक्कल काढता येऊ नये म्हणून कुलूपही या दोघांनीच हौसेने बसवलं होतं. एका प्रयोगशाळेने मात्र यंत्र चालू न करता डिस्क वाचून देण्याचं कबूल केलं होतं. तोपर्यंत यंत्र शिष्येच्या ताब्यात होतं. तसं तिने सही करून लिहून दिलं होतं. त्याला काही झालं असतं, तर वकिलीत पाऊल ठेवण्याआधीच तिचं नाव गेलं असतं.

सुनावणीला दोघे समोरासमोर बसले. एक उंच, दुसरे जाड भिंगांचा चष्मा लावणारे.

"सर, याला तारा जोडायला साधा डाग तरी देता येत होता का, विचारा," उंच गृहस्थ म्हणाले.

"नव्हताच येत. म्हणून तर मी विचार करायचो आणि हा डाग द्यायचा."

"विचार? घोरायचास तू! शेजारचे तक्रार करायला यायचे."

सरांनी हसू आवरलं आणि भलताच प्रश्न विचारला. "तुमचा कामाचा काही नियम होता का?"

"एकच," चष्मेवाले म्हणाले. "यंत्र चालू-बंद एकट्याने करायचं नाही. एकाने भिंतीवरचं बटण, दुसऱ्याने यंत्रावरचं. याला एकदा असा शॉक बसला होता, की हा टेबलाखाली सापडला."

"मला? तुला बसला होता!"

"काहीतरीच! तुझी चप्पल उडाली होती."

"चप्पल तुझी होती!"

शिष्येला वाटलं, वेळ फुकट चालला आहे. इतक्यात सर उठले. त्यांनी कपाट उघडलं, ते जुनं यंत्र आणून टेबलावर ठेवलं, वायर लावली, भिंतीवरचं बटण दाबलं आणि मग यंत्रावरचं.

लाल दिवा लागला.

 क्षणभर शिष्येला आपण काय पाहतो आहोत तेच कळेना. मग ती ओरडली, "सर! पुसलं जातंय! पहिला दिवसच पुसला जातोय!" बटणाकडे झेपावली, तर सरांनी तिचं मनगट धरलं. इतक्या म्हाताऱ्या हातात एवढा जोर असेल हे तिला ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंचे वकील उभे राहून एकाच वेळी बोलत होते. "हे काय चाललंय?" "आम्ही वर दाद मागू!"

"वकीलसाहेब, तुम्ही खाली बसा," सर शांतपणे म्हणाले. "यंत्र या दोघांचं आहे. दोघांनाही माहीत आहे आत काय चाललंय. ज्याला पुरावा हवा त्याने उठून बंद करावं. मी अडवणार नाही."

कुणीच उठलं नाही.

शिष्या आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिली. उंच गृहस्थांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, तरी ते उठत नव्हते. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला होता आणि ते तो पुसतही नव्हते. लाल दिवा जळत होता. यंत्राची बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. तिला तो दिवा लागण्यापेक्षाही हे भयंकर वाटलं.

"ऊठ की," अखेर चष्मेवाले म्हणाले. "तुझं आहे म्हणत होतास ना?"

"तू का नाही उठत?"

"मला..." ते अडखळले. "मला नीट आठवत नाही रे. उठावं आणि आत तुझाच आवाज आधी निघाला तर?"

 "मलाही तीच धास्ती आहे," उंच गृहस्थ म्हणाले. "शपथेवर लिहून दिलं तेव्हासुद्धा होती."

मग दोघे एकदमच उठले. एक भिंतीकडे गेला, दुसरा यंत्राकडे. एकमेकांकडे पाहून त्यांनी मान हलवली, आणि दिवा विझला.

सर म्हणाले, "तुमचा पहिला दिवस सुरक्षित आहे. काल ही जेवायला गेली तेव्हा प्रयोगशाळेचा माणूस येऊन ती डिस्क काढून माझ्याकडे देऊन गेला. आत्ता फिरत होती ती कोरी. खात्री असलेला माणूस पुरावा वाचवायला धावतो. तुम्ही दोघंही बसून राहिलात. इतकी वर्षं 'माझं, माझं' म्हणत होतात ते आठवणीने नाही, रागाने. दोन माणसं एका टेबलाशी बसून विचार करतात, तेव्हा शब्द कुणाच्या तरी तोंडून आधी पडणारच. पण विचार त्याआधीच टेबलावर आलेला असतो. तरी हवं असेल, तर डिस्क वाचून घेतो आणि त्यावर निकाल देतो. बोला."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "नको," दोघेही म्हणाले. कोण आधी म्हणालं, हे शिष्येलाही सांगता आलं नाही.

दोघांचीही पेटंटं दोघांनी वापरावीत, दावे मागे घ्यावेत, असा समेट त्याच दुपारी झाला. जिना उतरताना शॉक कुणाला बसला होता यावरून दोघांची पुन्हा जुंपलेली ऐकू येत होती.

खोली रिकामी झाल्यावर शिष्या म्हणाली, "मला आधी सांगायला हवं होतं, सर."

"सांगितलं असतं तर तू ओरडली नसतीस. तू ओरडलीस म्हणून त्यांना खरं वाटलं."

"म्हणजे मला वापरलंत."

 सर म्हणाले, "हो. त्याबद्दल मी तुझा अपराधी आहे." आणि कपाटातून काढून ती डिस्क त्यांनी तिच्या हातात दिली.

"यात कोण आधी बोललंय?"

"मी पाहिलं नाही," सर म्हणाले.

 तिने ती डिस्क परत कपाटात ठेवली, कुलूप लावलं, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपल्यालाही आता ते जाणून घ्यायचं नाही.

कुणाशी जुनं भांडण असेल तर आपणही स्वतःला एवढंच विचारून पाहावं, की आपला पुरावा डोळ्यांदेखत पुसला जात असेल तर आपण उठू का, आणि उठलो नाही तर... आत्या हाक मारते आहे, दाराशीच आली वाटतं, मी हे पान