तिसरी रेघ

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्यात अजून रस्त्यांना नावं नव्हती, पण घोड्यांना होती. लहानांनो, ऐका. मोठ्यांनो, तुम्हीही कान द्या. खरं म्हणजे ही गोष्ट तुमच्यासाठीच आहे, लहान आपले सोबतीला.

त्या राज्यात एका गावाबाहेर मोठं तळं होतं. दरवर्षी सुगी आटोपली की तळ्याच्या बांधावरून एक्क्यांची शर्यत लागे. एक्का म्हणजे एका घोड्याची, दोन चाकांची हलकी गाडी. घोड्याने दुडक्या चालीनेच पळायचं. चौखूर उधळला की गाडी बाद. आणि दुसरा नियम चाबकाचा. तळ्याला तीन फेऱ्या, आणि तिन्ही फेऱ्यांत मिळून तीन फटके. चौथा नाही.

आता पळत्या गाडीतले फटके मोजणार कोण? त्यावर गावाने तोड काढली होती. शर्यतीआधी प्रत्येक चाबकाची वादी तेलात कालवलेल्या गेरूत बुडवत. फटका बसला की घोड्याच्या अंगावर लाल रेघ उठे. शर्यत संपली की पंच रेघा मोजत. तीनापेक्षा एक जरी जास्त निघाली, तरी त्या गाडीवानाच्या हातचा लगाम जन्मभरासाठी जाई. गावाला या युक्तीचा भारी अभिमान. आल्यागेल्या पाहुण्याला सांगत, "माणूस खोटं बोलेल, रेघ बोलत नाही."

त्या गावात एक गाडीवान होता. हात असा सफाईचा, की गव्हाच्या ओंबीवर बसलेली माशी चाबकाने उडवी आणि ओंबी हलत नसे. त्याच्या घोडीचं नाव शेवंती. पिवळसर पांढरी, अंगाने बारीक, स्वभावाने गरीब. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा गाडीवानाच्या म्हाताऱ्या आईने तिला बोटाने दूध चाटवून वाढवलं होतं.

या म्हातारीची एकच हौस राहिली होती. जी गाडी जिंके, तिच्या घोड्यावर जरीची झूल चढवत, आणि त्या घरातली सर्वांत थोरली बाई गाडीत बसून गूळखोबरं वाटत तळ्याला एक फेरी मारी. म्हातारीच्या सासूला हा मान दोनदा मिळाला होता, आणि सासूने मरेपर्यंत तो सुनेला ऐकवला होता.

"यंदा तरी बसव रे मला," शर्यतीच्या सकाळी म्हातारी म्हणाली. "पुढच्या सुगीला मी असेन, नसेन."

"बसवतो, आई," गाडीवान म्हणाला. बोलून गेला खरा. शब्द दिला की माणूस मोकळा होत नाही, बांधला जातो.

शर्यत सुटली. पहिली फेरी नीट गेली. दुसऱ्या फेरीत एक पांढरा घोडा पुढे निघाला आणि गाडीवानाने घाईत दोन फटके घालवले. तिसऱ्या फेरीला हातात एकच उरला, आणि पांढरा घोडा अजून एक गाडी पुढे.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला बांबूचं दाट बेट होतं. बेटामागे गाडी गेली की या काठाला काही दिसत नसे. तिथे पोचताच गाडीवानाने तिसरा फटका दिला. शेवंतीने जोर केला, पण पुरा पडला नाही. त्याच्या डोळ्यांपुढे गूळखोबऱ्याचं ताट मांडीवर घेऊन बसलेली आई आली. मग त्याच्या मनात जे आलं, ते त्याच्याच सफाईच्या हातावाचून कोणाला सुचलंही नसतं. चौथा फटका त्याने तिसऱ्याच्या रेघेवरच मारला. केसभरही इकडेतिकडे नाही. पाचवा तिथेच. सहावा तिथेच. "हां शेवंती! हां!" असं ओरडत त्याने त्या एका रेघेवर सात फटके ओढले. गाडी बेटातून बाहेर आली, तेव्हा पांढरा घोडा मागे पडला होता.

शेवंती जिंकली. बांधावर एकच गलका झाला. गाडीवान खाली उतरला आणि चाकाला टेकून उभा राहिला. लोकांना वाटलं, दमला असेल.

पंच आले. तिघे होते. दोघे साधे, आणि तिसरा थोरला पंच. पन्नास वर्षं घोड्यांना नाल ठोकलेला म्हातारा. गाडीवान घोडीच्या तोंडाशी उभा राहिला, कारण मागे उभं राहायची त्याची छाती होईना.

"एक," पहिला पंच म्हणाला. "दोन. आणि ही तीन."

"तीनच," दुसरा म्हणाला. मग वाकला. "ही तिसरी जरा जाड दिसते."

गाडीवानाने लगाम आवळून धरला. "वादीला गेरू जास्त लागला होता, काका," तो म्हणाला. आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं.

गेरू लाल, रक्तही लाल. कोण काय ओळखणार? दोन्ही पंचांनी मान हलवली. थोरला पंच मात्र रेघेकडे बघतच नव्हता. तो शेवंतीच्या कानांकडे बघत होता. कान मागे, मानेला चिकटलेले. पण नियम रेघांचा होता, कानांचा नव्हता. पांढऱ्या घोड्याचा गाडीवानही गप्पच होता. बेटामागे त्याने फटके ऐकले होते, पण हरलेल्याची तक्रार कोण ऐकतो? लोक म्हणणार, नाचता येईना अंगण वाकडं.

"शेवंती जिंकली!" पंचांनी पुकारलं. गाडीवानाच्या जिवात जीव आला.

तो जीव फार वेळ टिकला नाही. समोरून चार जण जरीची झूल घेऊन येत होते. जाड कापड, त्याला पितळेच्या घुंगरांचे काठ, आणि तो काठ नेमका घोडीच्या मागच्या पुठ्ठ्यावर येणार, तिसऱ्या रेघेवर. मागून दोन बाया म्हातारीला हात धरून गाडीकडे आणत होत्या. तिने लग्नातलं लुगडं नेसलं होतं. मांडीएवढं ताट छातीशी धरलं होतं. डोळे असे चमकत होते, की गाडीवानाला तिच्याकडे बघवेना.

झूल नको म्हणावं, तर का म्हणून विचारतील. का ते सांगावं, तर लगाम जाईल. न सांगावं, तर त्या उघड्या मांसावर घुंगरांचा काठ बसेल, आणि मागे गाडीत आई असेल, सत्तरीची, काटकीसारख्या हाडांची.

"आई, आज ऊन फार आहे," तो पुटपुटला. "फेरी उद्या मारली तर?"

"वेडा की काय!" म्हातारी हसली. "उद्या कोण बघायला येतंय? चढव मला."

त्याने चढवली. खाई त्याला खवखवे म्हणतात, तसं त्याचं झालं होतं. आत्ता सांगू, असं तो मनाशी म्हणाला. झूल उलगडली. आत्ता. झूल वर उचलली. एवढा श्वास घेतो आणि सांगतो. तो श्वास घेत होता, तेवढ्यात झूल शेवंतीच्या पाठीवर पडली.

शेवंती किंचाळली. घोडं किंचाळतं ते ज्याने ऐकलंय, तो विसरत नाही. तिने मान झटकली, गाडीवानाच्या हातून लगाम सुटला, आणि म्हातारीला घेऊन ती बांधावरून सुटली. दुडकी नव्हे, चौखूर. प्रत्येक उडीला घुंगरं जखमेवर आपटत होती आणि प्रत्येक आपटीला ती आणखी पळत होती. बांध अरुंद होता. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला दगडांचा उतार.

"शेवंती!" गाडीवान जीव खाऊन मागे धावला. "हां शेवंती! थांब! हां!"

तो जितका ओरडे, तितका ती वेग वाढवी. गाडीचं एक चाक बांधाच्या कडेवरून गेलं. ताटातलं गूळखोबरं पाण्यात उडालं.

"गप्प बस!" मागून थोरला पंच गरजला. "अरे, तुझ्याच आवाजाला भिऊन पळतेय ती! तोंड मीट आणि खाली बस!"

गाडीवान जागच्या जागी थिजला. मग त्याच्या ध्यानात आलं. बेटामागे प्रत्येक फटक्याबरोबर त्याने हेच शब्द उच्चारले होते.

तो धुळीत बसला. दोन्ही हात तोंडावर दाबले. सगळ्या राज्यात त्याच्यासारखा घोडा हाकणारा दुसरा नव्हता, आणि त्याची आई मरणाच्या दारात चालली असताना, त्याने करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती: काहीही न करणं.

गाडी बांबूच्या बेटामागे गेली आणि दिसेनाशी झाली.

सगळा गाव पलीकडे डोळे लावून उभा राहिला. घुंगरांचा आवाज येत होता, तोही एकदम बंद झाला. गाडीवानाने कान टवकारले. पाण्यात काही पडलं का? नाही. की पडलं? त्याने देवाला काही मागायचा प्रयत्न केला, पण काय मागावं आणि कोणत्या तोंडाने, हे त्याला कळेना. मागायला गेलं की मध्ये शेवंतीची पाठ उभी राही.

किती वेळ गेला कोणास ठाऊक. मग बेटाच्या दुसऱ्या टोकातून शेवंतीचं डोकं बाहेर आलं. ती चालत होती. फेस गळत होता, पाय कापत होते, पण चालत होती. गाडीत म्हातारी होती. तिचा अंबाडा सुटला होता, कपाळाला खोक पडली होती. झूल तिने पुढे वाकून ओढून काढली होती आणि मांडीवर घेतली होती. ती घोडीशी हळूहळू काही बोलत होती, तिच्या लहानपणी दूध चाटवताना बोलायची तसंच.

गाडी जवळ आली. गाडीवान उठला, पण पुढे पाऊल टाकेना. म्हातारीने झूल उलटी करून धरली. जरीच्या आतल्या बाजूला रक्त होतं.

"किती मारलेस?" तिने विचारलं.

पंचांनी हे विचारलंच नव्हतं. त्यांनी रेघा मोजल्या होत्या.

"नऊ," गाडीवान म्हणाला. "दोन निराळे. सात एका रेघेवर."

"मला बसवायला?"

म्हातारी गाडीतून उतरली. कोणी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. शेवंतीच्या मानेवर हात ठेवला आणि उरलेली फेरी ती घोडीच्या बाजूने पायी चालली, अनवाणी, सुटलेल्या केसांनी. गावाने इतक्या वर्षांत पुष्कळ बाया गाडीत मिरवताना पाहिल्या होत्या. ही फेरी बघताना मात्र कोणी डोकं वर केलं नाही.

साधे पंच गोंधळले. "रेघा तर तीनच आहेत," एक म्हणाला. "नियमाने याला दोष कसा द्यायचा?"

गाडीवानाने लगाम सोडवला, घडी घातली आणि थोरल्या पंचाच्या पायाशी ठेवला.

"नियम आमचा आंधळा निघाला, त्याचा दोष आमचा," थोरला पंच म्हणाला. "लगाम मी घेतो. पण तेवढ्यावर तू सुटत नाहीस. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. पुढच्या वर्षापासून घोडे तू तपासायचेस. आणि हात लावण्याआधी, प्रत्येक वर्षी, सगळ्यांपुढे सांगायचं की तू किती मारले होतेस."

त्या वर्षीचा मान कोणाच्याच घरी गेला नाही. पुढच्या सुगीला म्हातारी नव्हती.

गाडीवानाने शिक्षा चुकवली नाही. दर शर्यतीला तो बांधावर उभा राही आणि म्हणे, "मी नऊ मारले होते." पहिली काही वर्षं लोक हसत, पुढे हसेनासे झाले. मग तो रेघ बोटांनी चाचपे, कातडीची ऊब बघे, घोड्याचे कान बघे. त्याच्या बोटांखालून एकही लबाडी सुटली नाही. दोघातिघांचे लगाम गेले, तेव्हा बाकीच्यांचे हात आपोआप आखडले. होता होता अशी वर्षं आली, की शर्यत संपली तरी कित्येक वाद्यांचा गेरू जसाच्या तसा असे.

शेवंती खूप जगली. तिला गाडीला पुन्हा कोणी जुंपलं नाही. गाडीवान रोज तिला स्वतः वैरण घाली, खरारा करी, पाणी दाखवी. पण शेवटपर्यंत तो मागच्या बाजूने आला की तिचं अंग थरथरे. म्हणून आपल्याच दारात, आपल्याच घोडीकडे जाताना तो लांबून वळसा घेई आणि समोरून येई, दोन्ही हात उघडे धरून.

तात्पर्य काय? मोजणाऱ्याच्या डोळ्यांतून फटका निसटतो, पण सोसणाऱ्याच्या पाठीवरून तो कधीच निसटत नाही.