नवी रबरं आणि पणजोबांची काठी

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका आणि साधे शब्द सांभाळून घ्या. आठवीतच शाळा सुटली. पण सुंदरआत्यासाठी हे लिहायलाच हवं.

विट्यात जुन्या मोटारसायकलींची मिरवणूक होती. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आता चालता येत नाही. आपली गाडी मिरवणुकीत बघायची म्हणून ते चौकात खुर्ची टाकून बसले होते. इंजिन ज्यांवर बसतं ती रबरं झिजून गाडी फार थडथडायची, म्हणून मी नवी बसवली होती.

परीक्षक दौलतराव खर्डेकरांनी वाकून पाहिलं आणि हातातली काठी आपटली. "रबरं नवी? मग ही गाडी जुनी कसली! काढ रांगेतून."

माझ्या मागं उभी असलेली आत्या पुढं आली. "काठी झकास आहे हो, दादासाहेब. कुणाची?"

"पणजोबांची! शंभर वर्षांची आहे," दौलतराव फुगून म्हणाले.

"आणि टोकाचं रबर?"

"ते झिजतं. गेल्याच महिन्यात बदललं."

"अगं बाई! म्हणजे काठी महिन्याभराचीच, आणि नाव मात्र पणजोबांचं!"

सगळी रांग हसली. दौलतराव काठीकडं बघत राहिले, मग त्यांनाही हसू आवरेना. "जा रे पोरा, घे गाडी पुढं."

चौकात अण्णांनी दोन्ही हात वर केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला एस.टी.नं जाऊ दिलं नाही. गाडीवरूनच तिच्या गावी सोडलं. वाटेत आभार मानायचे होते, ते काही जमलं नाही. ती माझ्या पाठीला डोकं टेकून पेंगत होती, आणि मी एकेक खड्डा चुकवत गेलो.