गेनूनं नदी घरपोच केली

एका गावात एक भोळा गडी होता. पुढं त्या गावाचं शहर झालं, पूल झाला, मॉल झाला, पण गडी भोळा तो भोळाच राहिला. त्याचं नाव गेनू.

गेनू अंगानं दणकट, मनानं सरळ. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. म्हणून कुठल्याही कामावर तो आठवड्याच्या वर टिकला नव्हता. वॉचमन होता तेव्हा मालक म्हणाला, "कुणालाही आत सोडू नको." झालं! गेनूनं मालकालाच तीन तास फाटकाबाहेर उभं केलं.

आणि आता टिकणं तर फार गरजेचं होतं. शेजारच्या गल्लीतल्या हौसाशी त्याचं लग्न ठरत होतं. हौसा जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवायची, आणि तिला गेनू पसंत होता. का, ते तिचं तिला माहीत! पण तिचा बाप सोपानराव अडून बसला. म्हणाला, "पोरगं एका कामावर पंधरा दिवस टिकू दे, लगेच सुपारी फोडू. नाही टिकलं तर विषय संपला."

शहरातून वाकी नदी वाहायची. म्हणजे पाणी थोडं, बाटल्या-पिशव्या फार. पंधरवड्यानं स्वच्छ नदीच्या बक्षिसासाठी पाहणी करायला समिती येणार होती, म्हणून पालिकेनं घाईघाईनं माणसं भरली. त्यात गेनूची वर्णी लागली.

बाबूराव मुकादमानं त्याच्या हातात लांब दांड्याची जाळी दिली. "हे बघ गेनू, पाण्यावर तरंगताना दिसेल ते काढायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"बरं, मुकादम. ध्यानात ठेवतो."

आणि त्यानं ठेवलं. हीच तर सगळी पंचाईत होती.

दुपारपर्यंत त्यानं बाटल्या काढल्या, पिशव्या काढल्या, एक चप्पल काढली. मग त्याला काहीतरी काळं तरंगताना दिसलं. त्याला दोन शिंगं होती. गेनूनं जाळी टाकली. ती कोंडिबा गवळ्याची म्हैस होती, रोज डुंबायला यायची. तिनं गेनूला ओढलं, गेनूनं तिला ओढलं. शेवटी गेनू जिंकला, आणि म्हैस कचऱ्याच्या गोण्यांशेजारी येऊन उभी राहिली.

कोंडिबा बोंबलत आला. "माझी म्हैस तुला कचरा वाटली काय रे?"

"तरंगत होती, काका."

मुकादमानं डोक्याला हात लावला. "अरे येड्या, काढायच्या आधी विचारावं, कुणाचं आहे हे? धनी पुढं आला, तर हात लावायचा नाही."

"बरं, मुकादम. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी गेनू पुलाखाली उभा राहिला. वरून एका बाईंनी हारफुलांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी नदीत सोडली आणि नमस्कार केला. गेनू ओरडला, "बाई, हे कुणाचं?"

"माझं रे बाबा."

"मग राहू द्या."

मागून एक गृहस्थ आले. त्यांनी बारशाच्या पंगतीच्या प्लास्टिकच्या प्लेटा ओतल्या. गेनूनं विचारलं, "मामा, कुणाचं?"

"आमचंच आहे. तुला काय करायचंय?"

"नाही, काही नाही. धनी आहे म्हटल्यावर प्रश्नच मिटला."

दिवसभर धनी भेटत गेले. एवढे धनी एका नदीला कधी मिळाले नसतील. संध्याकाळी नदी भरलेली आणि जाळी कोरडी.

मुकादम वैतागला. "अरे, नदीत पडायच्या आत पिशवी धरायची! उद्या पुलावर उभा राहा. पिशवी दिसली की हातातून घे, आतलं निर्माल्य पुलावरच्या कलशात ओत, पिशवी बाजूला ठेव. कुणाला म्हणून सोडायचं नाही."

"बरं, मुकादम. ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी पुलावरून आले कोण? सोपानराव! घरी पाहुणे बसलेले. एका हातात जिलबीचा पुडा, दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत दोन लिटर मठ्ठा. गेनू आडवा गेला. "द्या मामा इकडं."

सोपानरावांना वाटलं, होणारा जावई ओझं उचलतोय. पोरगं सुधारलं म्हणायचं! त्यांनी कौतुकानं पिशवी दिली. गेनूनं गाठ सोडली आणि सगळा मठ्ठा कलशातल्या झेंडूच्या फुलांवर ओतला. पिशवी झटकली, घडी घातली आणि बाजूला ठेवली.

"अरे गाढवा! आता जिलबी कशाबरोबर खायची?"

"जिलबी कशात आहे, मामा?" गेनूनं पुड्याकडं बघत विचारलं.

सोपानरावांनी पुडा पोटाशी धरला आणि घरापर्यंत पळत गेले. त्या वयात माणूस इतका पळतो हे पाहुण्यांना पहिल्यांदाच कळलं.

मुकादमानं आता हात जोडले. "अरे बाबा, कुणाचं प्लास्टिक घेतलंस तर बदल्यात कापडी पिशवी द्यावी. माणूस रिकाम्या हातानं जाता कामा नये."

"बरं, मुकादम. ध्यानात ठेवतो."

हौसानं त्याला फुलाफुलांच्या वीस पिशव्या दिल्या. चौथ्या दिवशी कोंडिबा गवळी दुधाचा कॅन घेऊन आला. कॅन प्लास्टिकचा. गेनूनं तो काढून घेतला, दूध कापडी पिशवीत ओतलं आणि पिशवी कोंडिबाच्या हातात दिली.

"अरे, गळतंय की!"

"गळू द्या काका. प्लास्टिक तर नाही ना!"

पूल संपेपर्यंत कोंडिबाच्या हातात ओली पिशवी उरली. तो तडक मुकादमाकडं गेला. मुकादमानं विचारलं, "ह्यांचा कॅन कुठाय?"

"गोणीत टाकला."

"दुसऱ्याची वस्तू ठेवून घेतोस? नाव लिहिलंय ना त्यावर? नाव बघावं, पत्ता काढावा, ज्याची त्याला घरपोच द्यावी. हात जोडून म्हणावं, तुमचं राहिलं होतं."

"बरं, मुकादम. ध्यानात ठेवतो."

मग मुकादमानं शहाणपणा केला. गेनूला पुलापासून लांब, खालच्या वळणावर नेऊन सोडलं. तिथं म्हैस नाही, मठ्ठा नाही, नुसता कचरा. गेनूनं रोज गोण्या भरल्या आणि घाटावर आणून रचल्या. दहा दिवस एक बोंब उठली नाही. सोपानराव बोटं मोजायला लागले आणि चौदाव्या दिवशी त्यांनी सुपारी विकत आणली.

पंधरावा दिवस समितीचा. घाटावर मांडव पडला. मांडवाशेजारी गेनूच्या गोण्यांचा घराएवढा ढीग. सकाळी मुकादम धावत आला. "गेनू, पाहुणे यायच्या आत ढीग हलव. दिसला तर तुझी नोकरी गेली!"

"कुठं नेऊ?"

"काय कुठं नेऊ? सांगितलंय ना मागंच!"

मुकादमाच्या मनात होता कचरा डेपो. गेनूनं मात्र ध्यानात ठेवलेलं आठवलं.

त्यानं गोण्या सोडल्या. सातवी शिकला होता, वाचता येत होतं. कुरिअरच्या पाकिटांवर नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं छापलेलं. केमिस्टच्या पिशव्यांवर पेशंटचं नाव. मिठाईच्या पिशव्यांवर दुकानाचं. गेनूनं हातगाडी घेतली आणि निघाला. दार वाजवायचा, हात जोडायचा. "तुमचं राहिलं होतं."

लोक चिडायचे, मग नाव वाचायचे, आणि गुपचूप आत घ्यायचे. मिठाईवाल्याला तीन गोण्या पोचल्या. नाव नसलेल्या बाटल्या कुणाच्या, असं त्यानं गल्लीत विचारलं. तेव्हा भंगारवाला म्हणाला, "माझ्या!" मुकादमाच्या घरी टकलावर केस उगवायच्या तेलाचं पाकीट गेलं. ते त्याच्या बायकोला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी घाट लख्ख. नगराध्यक्ष रंगरावभाऊ माइकवर म्हणाले, "आमच्या शहरातून नदीत प्लास्टिकचा कपटासुद्धा जात नाही!"

तेवढ्यात हातगाडी कुईकुई करत मांडवात शिरली. शेवटची खेप होती. गेनूनं स्टेजवर एकतीस फ्लेक्स उलगडले. चिखलानं माखलेले, आणि प्रत्येकावर रंगरावभाऊंचा हसरा फोटो. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा.

गेनूनं हात जोडले. "भाऊ, तुमचं राहिलं होतं."

मांडव खो खो हसला. मग ज्याला त्याला आपल्या घरी आलेलं पाकीट आठवलं, आणि मांडव गप्प झाला.

समितीच्या बाईंनी विचारलं, "बाकीचा कचरा कुठाय?"

"ज्याच्या त्याच्या घरी."

"मग नदीत काय राहिलं?"

"पाणी, बाई."

रंगरावभाऊ लालबुंद झाले. "कुणी आणला हा? उचला रे ह्याला! काढा बाहेर!"

दोन शिपाई धावले. पंधरावा दिवस, आणि हे असं! मांडवात बसलेल्या सोपानरावांनी खिशातली सुपारी आणखी खोल ढकलली. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं.

गेनूनं मात्र शांतपणे हात वर केला. "थांबा. काढायच्या आधी विचारायचं असतं, कुणाचं आहे हे? धनी पुढं आला, तर हात लावायचा नाही. मुकादमांनी सांगितलंय."

शिपाई थांबले. सगळ्यांनी मुकादमाकडं बघितलं. मुकादम मांडवाचं छत बघत राहिला.

मग बायकांच्या रांगेतून हौसा उठली. डोळे पुसले आणि खणखणीत म्हणाली, "माझा आहे."

समितीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. त्यांनी वाजवल्या म्हणून रंगरावभाऊंनाही वाजवाव्या लागल्या. आता काढतो कोण! सोपानरावांनी सुपारी बाहेर काढली. "चला, भरले म्हणायचे पंधरा दिवस. जावईबापू, या घरी."

गेनू काही हलेना. त्यानं जरा विचार केला. मग रिकाम्या हातगाडीवर चढला, मांडी घालून बसला, हात जोडले आणि मुकादमाला म्हणाला, "ढकला, मुकादम. ज्याचं त्याला घरपोच."