केरबानं सांभाळलेलं पथ्य

आडवाडीला केरबा टिपुगडे नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती? देवळाच्या दारात ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी पाटी लागली. केरबा त्या दिवशी अनवाणी आला होता. तो तसाच मागं फिरला, घरी जाऊन चपला घालून आला, पायरीपाशी काढल्या आणि मग आत गेला.

पण मनानं सोनं. आणि बायकोवर, म्हणजे हौसावर, त्याचा फार जीव.

हौसाची तब्येत वर्षभर बिघडत चालली होती. दोन घागरी पाणी आणलं की धाप लागायची. अंग फुगलेलं, पाय जड, पाळीचा मेळ नाही. “हुईल बरं,” म्हणत ती दिवस ढकलायची. तिची थोरली बहीण अक्कीही असंच म्हणायची. छातीतल्या गाठीनं ती गेली, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून हौसाच्या पोटात भीती बसलेली, पण बोलायची नाही.

शेवटी केरबानं तिला बाजारगावच्या निमकर डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं, रक्त पाहिलं आणि समोर बसवून सांगितलं, “थायरॉईड मंदावलंय. साखर काठावर आहे. हार्मोन म्हणजे शरीरातले निरोपे. इकडचा निरोप तिकडे नेतात. निरोप चुकला की भलत्याच जागी भलतंच काम होऊन बसतं.”

केरबाला हसू आवरेना. “असली येडी निरोपी असत्यात व्हय?”

हौसा हसली नाही. तिनं पदराचा शेव पिळत विचारलं, “बाई, माझ्या अक्कीगत हुईल का वो मला?”

“गाठ नाही. मी नीट तपासलंय,” बाई म्हणाल्या. “पुढचं कुणी लिहून देत नसतं. पण खाणं सुधारलं, चालणं वाढलं, वजन उतरलं, तर साखर उतरते आणि त्या दुखण्याचा धोकाही कमी होतो. आपल्या हातात आहे तेवढं करू. चार महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू. साखर नाही उतरली, तर औषधं वाढतील, कदाचित सुयाही.”

हौसाला दर आठवड्याला यायला जमणार नव्हतं. केरबा मात्र दर बुधवारी भाजीची पाटी घेऊन बाजाराला यायचाच. तेव्हा ठरलं, की पथ्य केरबानं विचारायचं आणि घरी सांगायचं. झालं! निरोप्या नेमला गेला.

पहिल्या बुधवारी बाई म्हणाल्या, “कडधान्य द्या. रोज मूठभर मटकी.”

केरबानं घरी येऊन डब्यातली मटकी मूठभर काढली आणि हौसाच्या हातावर ठेवली. हौसानं दाढेखाली धरली. कडकन आवाज झाला. तो मटकीचा नव्हता, दाढेचा होता.

पुढच्या बुधवारी बाईंनी कपाळाला हात लावला. “अहो केरबा, कच्ची कशी दिलीत? आधी पाण्यात भिजवायची. मग फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. मोड आले की शिजवून द्यायची.”

“बरं बाई. पुढच्या येळी तसंच करतो.”

त्या दिवशी बाईंनी थायरॉईडच्या गोळ्या दिल्या. रोज एक. केरबानं घरी येऊन गोळ्या पाण्यात टाकल्या. मग फडक्यात घट्ट बांधून खुंटीला टांगल्या. एक दिवस गेला, दोन गेले. रोज सकाळी उठून तो फडकं हुंगायचा. चौथ्या दिवशी फडक्यात नुसता पांढरा चिकटा.

“बाई, बियाणं बाद हाय,” त्यानं दवाखान्यात तक्रार केली. “एकाला मोड आला न्हाई.”

बाईंनी नव्या गोळ्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. मग म्हणाल्या, “गोळीला मोड येत नसतात, केरबा. सकाळी उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी, पाण्याच्या घोटाबरोबर आख्खी गिळायची. चावायची नाही.”

“बरं बाई. पुढच्या येळी तसंच करतो.”

“आणि फळं द्या. सरबतं, गोड चहा बंद. महाग फळ नको, पेरू चालेल.”

आता काय होणार, ते तुमच्या लक्षात आलं असेल. केरबाच्या नाही आलं. त्यानं दुसऱ्या दिवशी पहाटे हौसाला उठवलं, एका हातात तांब्या दिला, दुसऱ्या हातात पेरू.

“आख्खा गिळ. चावू नगंस.”

तुम्ही म्हणाल, हौसानं ऐकलं कसं? हौसा वेडी नव्हती. पण बहिणीचं दुखणं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टरनं सांगितलंय म्हटल्यावर तिनं धोंडासुद्धा गिळून पाहिला असता. भ्यालेल्या माणसाची अक्कल गहाण पडते, त्यात त्याचा काय दोष! तिनं तोंड वासलं, पेरू दातांत अडकला, आणि तोंड मिटेना. शेजारच्या सखूआत्यानं पाठीत धपाटा घातला तेव्हा पेरू उडून कोंबडीच्या अंगावर पडला. कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

“अहो, फळ चिरायचं!” पुढच्या बुधवारी बाई ओरडल्याच. “चार फोडी करायच्या. एक तिनं खायची, बाकीच्या घरात, शेजारीपाजारी वाटायच्या.”

“बरं बाई. पुढच्या येळी तसंच करतो.”

“आणि नुसतं खाणं सुधारून भागत नाही. तिला रोज तासभर चालू दे.”

केरबानं तासाच्या चार फोडी केल्या. पाव तास हौसा चालली. पाव तास तो स्वतः चालला. पाव तास सखूआत्याला दिला. उरलेला पाव तास कुणाला द्यावा, याचा विचार करून त्यानं तो सरपंचांना नेऊन दिला. सरपंचांना वाटलं, ही सरकारी योजना असेल. ते रोज संध्याकाळी इमानेइतबारे ओढ्यापर्यंत जाऊन यायचे. महिन्याभरात सरपंचांचं धोतर सैल झालं. हौसाचं लुगडं होतं तसंच.

“तिचं लुगडं सैल कसं नाही झालं?” बाईंनी विचारलं. केरबानं वाटपाचा हिशेब सांगितला.

“अरे देवा! चालणं वाटता येत नाही हो! ज्याचं त्यानं करायचं असतं. एकटीनं, मधे न थांबता, अंगाला घाम फुटेपर्यंत. ध्यानात राहील?”

“ऱ्हाईल बाई. पुढच्या येळी तसंच करतो.”

मग बाईंना एकाएकी शंका आली. “केरबा, हौसाबाई जेवतात कधी?”

“समद्यांचं झाल्यावर.”

“म्हणजे कधी?”

“मी, माझी आई, पावणारावळा जेवला, भांडी झाली, की मग.”

“आणि काय जेवतात?”

“जे उरतं ते. शिळी भाकरी, खरवड. अन्न टाकायचं न्हाई म्हनत्यात न्हवं? ताजी भाजी बाजाराला येती, सुकलेली तिच्या ताटात.”

बाईंचा आवाज बदलला. “भाजी पिकवायची तिनं, रांधायची तिनं, आणि तिच्या ताटात खरवड? उद्यापासून तिला आधी वाढा. गरम भाकरी, ताजी भाजी, डाळ. दिवस मावळायच्या आत.”

केरबाला वाईट वाटलं. खरंच वाटलं. इतक्या वर्षांत हे आपल्या ध्यानात आलं नाही, म्हणून तो वाटभर स्वतःला शिव्या घालत गेला. घरी पोचताच त्यानं हौसाला पाटावर बसवलं. सगळ्यांना घराबाहेर काढलं, कारण एकटीनं करायचं होतं. आणि वाढायला लागला. एक भाकरी. दुसरी भाकरी.

“बास की वो!”

“थांबायचं न्हाई.”

तिसरी. चौथी.

“अवो, पोट फुटंल माझं!”

केरबानं वाकून तिचं कपाळ पाहिलं. “अजून घाम न्हाई आला. खा.”

पाचव्या भाकरीला हौसाला दरदरून घाम फुटला. केरबानं समाधानानं परात बाजूला ठेवली. हौसा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही.

या खेपेला निमकरबाई ओरडल्या नाहीत. त्या रडकुंडीला आल्या होत्या. “केरबा, जेवण म्हणजे कुस्ती नाही. दोन घास कमीच खायचे. आणि तिला एकटीला पथ्यात टाकून तुम्ही लांब बसू नका. तिच्या पंगतीला बसा. तिच्यामागचं निम्मं काम तुम्ही करा. सोपं असेल ते तिला द्या, अवघड असेल ते स्वतः उचला. एवढं कराल?”

“करतो बाई,” केरबा म्हणाला. ‘पुढच्या वेळी’ म्हणाला नाही.

आणि केलं की त्यानं! पाण्याच्या घागरी तो आणायला लागला. हौसा चालायला निघाली की शेळ्यांना वैरण तो घालायचा. दिवस मावळायच्या आत दोघं समोरासमोर जेवायला बसायची. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण तव्यावरची फुगलेली भाकरी हौसानं पहिल्यांदाच जेवली. “बाईलवेडा झाला,” म्हणत गाव हसलं. हसेना का बापडं. मी तर म्हणेन, केरबानं जन्मात शहाणपणाची एकच गोष्ट केली, ती हीच.

असे दोन महिने गेले. रक्त तपासायचा बुधवार आला. बाईंनी निरोप धाडला होता, की हौसाबाईंना उपाशीपोटी आणा, साखर आणि हार्मोन सगळं तपासायचं आहे.

केरबानं विचार केला. यात दोन कामं आहेत. एक उपास, दुसरं सुई. उपास सोपा, तो हौसाला. सुई अवघड, ती मला. सुई आपल्याला टोचून घ्यायची, म्हटल्यावर अंगात बळ हवं. म्हणून निघताना त्यानं गुळाचे सहा लाडू खाल्ले. लॅबच्या दाराशी हौसाला बाकावर बसवलं, “तू बस, मी आलो,” म्हणाला आणि आत गेला. आत ही गर्दी. सुईवाल्यानं मान वर न करता विचारलं, “नाव?”

“हौसाबाई केरबा टिपुगडे.”

“हात पुढं करा.”

केरबानं डोळे मिटून हात पुढं केला. बाहेर येऊन हौसाला म्हणाला, “झालं तुझं काम. चल घरला.” हौसाला वाटलं, या खेपेला सुई नसेल. बरंच झालं.

पुढच्या बुधवारी दोघं रिपोर्ट ऐकायला गेली. काळजीनं हौसानं सकाळपासून पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. बाईंनी कागद वाचला. चष्मा पुसला. पुन्हा वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

“साखर दुप्पट झालीय. आणि हार्मोन... पुरुषी हार्मोन इतकं वाढलंय, की मी आजवर कुठल्याच बाईत पाहिलं नाही. पोटात आत काही वाढत असेल तर असं होतं. आजच्या आज मोठ्या दवाखान्यात जावं लागेल.”

हौसा खुर्चीवरून खाली बसली. “माझ्या अक्कीला बी असंच मोठ्या दवाखान्यात न्हेलं हुतं,” ती पुटपुटली. मग केरबाचा हात धरून हमसून रडायला लागली. “अवो, मी न्हाई ऱ्हात आता. म्हातारीला सांभाळा. दुसरी केली तर तिला आधी जेवू घाला.”

केरबाला रडण्याचं कारण कळेना. त्यानं बाईंना विचारलं, “पुरुषी म्हंजी किती हाय?”

“अहो, एखाद्या धडधाकट पुरुषाच्या अंगात असावं इतकं!”

केरबानं मिशीवर हात फिरवला. “मग काय कमी हुनार व्हय? रगात माझं हाय.”

बाईंनी कागद खाली ठेवला. केरबानं सगळं सांगितलं. उपास तिचा, सुई माझी, मधे लाडू. बाईंनी टेबलावर डोकं टेकलं. हौसा रडता रडता हसायला लागली आणि हसता हसता केरबाच्या दंडावर गुद्दे मारायला लागली.

बाईंनी लगेच हौसाचं रक्त स्वतःच्या हातानं घेतलं. मग तो जुना कागद केरबाच्या नाकापुढं नाचवला. “यावर नाव हौसाबाईंचं आणि रक्त तुमचं! असं चालत नाही! कागदावरचं नाव आणि रक्त देणारा माणूस एकच असला पाहिजे. समजलं?”

“समजलं बाई,” केरबा म्हणाला. “बुधवारच्या आत करून आनतो.”

मंगळवारी तो तालुक्याला गेला. कचेरीबाहेर झाडाखाली प्रतिज्ञापत्रं करून देणारा टायपिंगवाला बसतो. त्यानं विचारलं, “काय करायचंय?”

“नाव बदलायचं.”

“जुनं?”

“केरबा.”

“नवीन?”

“हौसाबाई.”

टायपिंगवाल्यानं मान वर केली, मिशी पाहिली, पण मागं लाइन मोठी होती. त्यानं टाइप केलं. शिक्का बसला.

बुधवारी दवाखान्यात कंपाउंडरनं पुकारलं, “हौसाबाई टिपुगडे!” बाकावरून दोघं उठली. कंपाउंडरनं दोघांना आत सोडलं.

निमकरबाई आज खुशीत होत्या. त्यांनी हौसाला जवळ बसवलं आणि कागद दाखवला. साखर उतरली होती. थायरॉईड ताळ्यावर येत होतं. वजन साडेचार किलो कमी. हार्मोनमध्ये काही वावगं नाही. “भिऊ नका,” त्या म्हणाल्या. “दर वर्षी तपासून घ्यायचं, आणि हे पथ्य आता सोडायचं नाही. बहिणीची वाट तुमची वाट असलीच पाहिजे असं नाही.” हौसानं कागद कपाळाला लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा तिनं मोकळा श्वास घेतला.

“आता तुमची पाळी, केरबा,” बाई म्हणाल्या. “तुमचीही साखर एकदा उपाशीपोटी पाहू.”

केरबा हलला नाही. त्यानं खिशातून शिक्क्याचा कागद काढून पुढं ठेवला. बाईंनी तो वाचला, मग शिक्का उजेडाला धरून पाहिला.

“अहो,” शेवटी त्यांनी कसंबसं विचारलं, “तुम्ही जर हौसाबाई, तर मग ह्यांचा नवरा केरबा कुठं आहे?”

हौसानं चटकन मंगळसूत्र मुठीत धरलं. केरबानं दारातून बाहेर डोकावून बाकाकडे पाहिलं, रस्त्याकडे पाहिलं, आणि मान हलवत परत आला.

“काल तालुक्याला गेलता, बाई,” तो म्हणाला. “अजून आलेला दिसत न्हाई.”